आवाजाला गाव हवं

पावसाळ्यातली संध्याकाळ. मानखुर्द मागे टाकून गाडी वाशीच्या खाडीपुलावर चढते आणि थांबते. पुढे लाल दिव्यांची रांग, खाली भरतीनं फुगलेलं गढूळ पाणी. गाडीतल्या रेडिओवर आरजे वाहतुकीची खबर देत असतो. पश्चिम द्रुतगती महामार्ग, अंधेरीचा पूल, कलानगर, सायन, सगळे चौक नावानिशी. शेवटी ‘नवी मुंबईच्या दिशेनंही गाड्या हळू आहेत’ असं एक वाक्य येतं आणि गाणं सुरू होतं. पुढची वीस मिनिटं मी पुलावर उभा असतो. तुर्भ्याला पाणी भरलंय का, पाम बीच रस्ता धरावा का, घरी कुणाला फोन करून शाळेतून मुलाला आणायला सांगावं का, यातलं काहीही त्या आवाजाला विचारता येत नाही. त्याचा दोष नाही. तो मुंबईचा आवाज आहे, आणि आम्ही तो उसना ऐकतो.

2011च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत 11 लाखांवर माणसं मोजली गेली. खारघर, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे हे सगळं तिच्या बाहेरचं. एवढ्या वस्तीला महापालिका आहे, धरण आहे, विमानतळ आहे. पण खासगी एफएमच्या परवान्यांच्या यादीत शहर म्हणून नाव मुंबईचं असतं, नवी मुंबई त्यातच धरलेली. बातमी ऐकायची तर ती राज्याची किंवा देशाची. गाणी ऐकायची तर ती सगळीकडचीच. आपल्या शहराविषयी आपल्याशी बोलणारा आवाज मात्र इथल्या माणसाच्या सवयीचा झालेला नाही.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. रेडिओ जॉकीचं, म्हणजे आरजेचं, काम शेजाऱ्याचं आहे. गाणी हे त्या शेजाराचं निमित्त. शेजारी म्हटला की त्याला पत्ता लागतो, आणि आपल्या आळीत काय चाललंय ते बोलायची मोकळीक लागते. या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या, तर उरतो तो नुसता गोड आवाज. तसा आवाज आता यंत्रही काढून देतं.

आधी हे काम जवळून कसं दिसतं ते पाहू. स्टुडिओ म्हणजे जाड दाराची, भिंतींना फोम लावलेली लहानशी खोली. समोर कन्सोल, त्यावर फेडरच्या पट्ट्या, तोंडासमोर माइक, कानांवर हेडफोन. पडद्यावर गाण्यांची रांग आधीच लागलेली असते. कुठलं गाणं किती वाजता हे बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमिंग विभाग ठरवतो, आरजे नाही. आरजेच्या हातात असते ती लिंक, म्हणजे गाणं आणि जाहिरात यांच्या मधली मिनिटभराची, कधी त्याहूनही कमी अशी बोलण्याची जागा. गाण्याची सुरावट वाजत असताना बोलायचं आणि गायकाचा पहिला शब्द पडण्याआधी आपला शेवटचा शब्द संपवायचा. एक डोळा उलट मोजणाऱ्या घड्याळावर, बोट फेडरवर, आणि मन त्या एका माणसाकडे, जो आत्ता कुठेतरी भाजी चिरतो आहे किंवा ट्रक चालवतो आहे. शो सकाळी सातचा असेल, तर नेरूळला किंवा खारघरला राहणाऱ्या आरजेला हार्बरची पहाटेची लोकल पकडावी लागते. अंगात ताप असो की रात्री घरात भांडण झालेलं असो, लाल दिवा लागला की आवाजात सकाळ उजाडलेली असावी लागते. बाहेरून सोपं दिसणारं हे काम शरीर आणि मन दोन्ही झिजवणारं आहे.

आणि एवढं करून त्या मिनिटभरात सांगायचं काय? आरजेची सगळी कारकीर्द या एका प्रश्नावर उभी राहते किंवा पडते.

अमीन सयानी यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. 1932 साली मुंबईत जन्मलेला हा माणूस. त्यांची आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं नियतकालिक चालवत. नव्यानं वाचायला शिकलेल्यांसाठी ते सोप्या हिंदुस्तानीत निघे आणि देवनागरी, उर्दू, गुजराती अशा तिन्ही लिप्यांत छापलं जाई. मुलगा त्या कामात हातभार लावत असे, आणि सोपं बोलण्याचं वळण त्याला तिथे लागलं. 1952मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि आवाज पुन्हा आपल्या घराघरांत यायचा. हजारो किलोमीटरांचा हा फेरा असूनही तो आवाज परका वाटला नाही, कारण त्यामागे ऐकणाऱ्यांच्या पत्रांचा ढीग होता. कोण कुठल्या गावातून काय लिहितं, याची त्यांना जाण होती. 20 फेब्रुवारी 2024 रोजी ते गेले, तेव्हा त्यांना कधीही न भेटलेल्या माणसांना घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. बोलणारा आधी ऐकणारा होता, म्हणून हे घडलं.

सिलोनच्या या यशामागे आपल्याच घरातला एक हट्ट होता. 1952 ते 1962 या काळात माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. लोकांची अभिरुची घडवण्याच्या तळमळीनं त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. हेतू वाईट नव्हता, पण लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारला तीच गाणी घरात परत आणावी लागली. घरातल्यांचं तोंड बंद केलं की माणसं दुसऱ्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

मराठी रेडिओला तर शेजाराची कल्पना कुणी शिकवायचीही गरज नव्हती. मुंबई आकाशवाणीवरचं ‘पुन्हा प्रपंच’ ऐकून मोठी झालेली पिढी अजून आपल्यात आहे. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. तीन माणसं बसून रोजच्या जगण्यातल्या अडचणींबद्दल बोलत. त्यात उपदेशाचा आव नव्हता. आपल्या ओट्यावर बसून कुणी बोलावं तसं ते बोलणं होतं, म्हणूनच टेकाडे भावजी हे नाव घरोघरी ओळखीचं झालं. नागरिकाच्या प्रश्नांवर घरगुती सुरात बोलणं हे रेडिओला जमतं आणि शोभतं, याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे.

मग खासगी एफएम आलं. फेब्रुवारी 1995मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. 2001च्या जुलैत बेंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, 2002मध्ये मुंबईत एकापाठोपाठ एक वाहिन्या आल्या. रेडिओ तरुण झाला, निवेदकाचा आरजे झाला, आणि बोलण्यातली कडक इस्त्री गेली. हे सगळं चांगलंच झालं. पण परवान्यासाठी मोठी रक्कम मोजलेली वाहिनी जाहिरातीवर जगते. जाहिरातदाराला हवे असतात जास्तीत जास्त कान. म्हणून सगळ्यांना थोडं थोडं आवडेल अशी मोजकी गाणी पुन्हा पुन्हा लागतात, बोलणं आखूड होतं, आणि एका शहरात मुद्रित केलेला कार्यक्रम अनेक शहरांत वाजवणं परवडतं. कोरोनाच्या काळात जाहिराती आटल्या तेव्हा ही काटकसर आणखी वाढली. आरजेला समाजमाध्यमांवर चेहरा विकावा लागतो, कारण आवाजाचे पैसे पुरत नाहीत.

या धंद्यातली मला सगळ्यांत खटकणारी गोष्ट निराळीच आहे. पाच-सहा वर्षं रोज सकाळी आपल्याबरोबर चहा पिणारा आवाज एखाद्या सोमवारी नाहीसा होतो. त्याच्या जागी दुसरा आवाज तितक्याच उत्साहानं ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. आधीच्याचं नावही पुन्हा निघत नाही. करार संपलेला असतो. शेजारचं बिऱ्हाड हललं तरी जाताना निरोप देतं, पत्ता देतं. ऐकणाऱ्याला तेवढंही मिळत नाही, आणि आरजेला निरोपाची मिनिटभराची लिंकही मिळत नाही. ज्या माणसाला उद्याची खात्री नाही, तो शहराशी मुळं धरून कसं बोलणार?

याहून मोठी अडचण कायद्याची आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं वाजवण्याची मुभा तेवढी आहे. 2011च्या धोरणानं काही विषय ‘बातमी नाही’ असं ठरवून मोकळे केले: वाहतूक, हवामान, पाणी आणि वीजपुरवठ्याची माहिती, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना, परीक्षांचे निकाल, प्रवेश, रोजगाराच्या संधी. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. उद्या कोपरखैरण्याला पाणी येणार नाही, एवढं आरजे सांगू शकतो. का येणार नाही, हे शोधून सांगायला गेला की तो बातमीच्या हद्दीत शिरतो. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं असलेल्या शहरात नळ कोरडा का पडावा, हा प्रश्न सोसायटीच्या फाटकापाशी उभी राहून कुणीही बाई विचारू शकते. माइकसमोर बसलेल्या माणसाला मात्र तो गिळावा लागतो. वर्तमानपत्राला आणि वृत्तवाहिनीला जे करता येतं, मोबाइल हातात असलेल्या कुणालाही जे करता येतं, तेवढंच नेमकं रेडिओला नाकारायचं, याला मला कुठलंही न्याय्य कारण दिसत नाही.

बोलण्याची ही भूक मग गाण्यातून वाट काढते. 2017च्या जुलैत मुंबईतल्या मलिष्का या आरजेनं तेव्हा गाजत असलेल्या एका मराठी गाण्याच्या चालीवर खड्डे, तुंबलेलं पाणी, रखडणाऱ्या लोकल यांवर विडंबन केलं. ते घराघरांत पोहोचलं. त्यानंतर महापालिकेचं पथक तिच्या कुटुंबाच्या घरी तपासणीला गेलं, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली, आणि तिच्यावर 500 कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावावा अशी मागणी नगरसेवकांनी केली. विडंबन कुणाला आवडलं असेल, कुणाला नसेल. पण खड्ड्याबद्दल चालीत बोललेली चार वाक्यं सत्तेला एवढी बोचतात, तर सरळ गद्यात रोज बोलणारा आवाज शहराला किती उपयोगी पडेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. सप्टेंबर 2023मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनंच, खासगी एफएमला दर तासाला 10 मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. ती अमलात यायला हवी.

यावर पहिला आक्षेप येतो अफवांचा. आरजेच्या तोंडी बातमी दिली तर तो मसाला लावून सांगेल, शहरात गोंधळ उडेल. ही भीती मी हलकी मानत नाही. पण अफवा आज कुठून पसरते? सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून, जिथे पहिलं कुणी लिहिलं याचा पत्ता लागत नाही. रेडिओवर बोलणाऱ्याचं नाव जाहीर असतं, केंद्राचा परवाना पणाला लागलेला असतो, आणि प्रसारित झालेलं ध्वनिमुद्रण ठरावीक काळ जपून ठेवण्याचं बंधन असतं. जो बोलेल तो उत्तर देईल, अशी सोय इथे आधीपासून आहे. अफवेवर उतारा हवा असेल, तर असाच उत्तरदायी आवाज वाढवायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. आता रेडिओ ऐकतो कोण? गाणी मोबाइलवर मिळतात, गप्पा पॉडकास्टमध्ये, वाहतूक नकाशावर. या आक्षेपातलं अर्धं मला मान्य आहे. गाण्यांच्या जोरावर रेडिओ यापुढे जगणार नाही. पण त्याच कारणानं त्याच्याकडे उरलेल्या गोष्टीची किंमत वाढते. रेडिओकडे ‘आत्ता’ आहे आणि ‘इथे’ आहे. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली, मोबाइल मुके झाले, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या रात्री बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि गाड्यांमधले रेडिओ चालू होते. आरजे तासन्‌तास माइकवर बसून राहिले, लोकांचे निरोप वाचत राहिले: अमुक सुखरूप आहे, तमुक शाळेतच थांबलाय, या रस्त्यानं येऊ नका. त्या रात्री कुणी त्यांना गाण्याची फर्माईश पाठवत नव्हतं. शेजारी उपयोगाला येतो तो अडीअडचणीत, आणि अडीअडचणीत तो यावा म्हणून एरवी रोजची बोलचाल ठेवायची असते.

तिसरा आक्षेप नवी मुंबईविषयीचा. इथले लोक मुंबईत कामाला जातात, मिश्र वस्ती आहे, वेगळा आवाज कुणासाठी? मला वाटतं, हा आक्षेप घेणाऱ्यांनी हे शहर फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं आहे. 17 मार्च 1970 रोजी हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेल्या कल्पनेवर 344 चौरस किलोमीटरांत नवं शहर उभं राहिलं. त्याखाली 95 गावांची जमीन होती. जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. ही माणसं आणि त्यांची नातवंडं आजही घणसोलीत, दिवाळ्यात, सारसोळ्यात राहतात. आगरी बोली बोलतात. त्यांच्या शेजारी एपीएमसीत पहाटे पाठीवर पोती वाहणारे साताऱ्या-सांगलीकडचे माथाडी आहेत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात देशभरातून आलेले ट्रकचालक आहेत, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत रात्रपाळी करणारी मुलं-मुली आहेत. हे सगळे एकाच शहरात राहतात, पण एकमेकांचा आवाज त्यांच्या कानी पडत नाही. सेक्टर आणि नोड आखून शहर उभं करता येतं. शेजार मात्र बोलण्यातूनच उभा राहतो.

बोली रेडिओवर चालत नाही, असं कुणी म्हणेल, तर त्यानं सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला जावं. माणदेशी फाउंडेशनचं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक केंद्र 2008पासून दुष्काळी माणदेशात 90.4वर वाजतं. तिथे लोकगीतं गाणाऱ्या केराबाई सरगर यांची ओळखच ‘आरजे केराबाई’ अशी झाली. त्यांच्याकडे आवाजाच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र नव्हतं. ऐकणाऱ्यांचं जगणं त्यांना आतून ठाऊक होतं, आणि माणदेशाची बोली त्यांच्या तोंडी होती. एवढी पात्रता पुरली.

असं केंद्र नवी मुंबईत वाढायला काय लागतं? सामुदायिक रेडिओला 100 वॉटपर्यंतची शक्ती मिळते आणि साधारण 10 किलोमीटरच्या टापूत आवाज पोहोचतो. 2006पासून शिक्षणसंस्थांप्रमाणेच सामाजिक संस्थांनाही त्यासाठी अर्ज करता येतो. 2024च्या सुधारित नियमांत तासाला 12 मिनिटं जाहिराती घेण्याची सवलतही मिळाली आहे. या शहरात महाविद्यालयांची कमतरता नाही, आणि माध्यमांचे अभ्यासक्रमही चालतात. एका केंद्राच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त पैसा इथे एकेका चौकाच्या सुशोभनावर जातो. खासगी वाहिन्यांसाठी ऑगस्ट 2024मध्ये केंद्र सरकारनं 234 नव्या शहरांत 730 एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि स्थानिक, मातृभाषेतल्या कार्यक्रमांना त्यातून बळ मिळेल असं सांगितलं. लातूर, बार्शी, नंदुरबार, यवतमाळ यांची नावं त्यात आहेत, आणि ती असायलाच हवीत. मुंबईच्या सावलीत धरलेल्या नवी मुंबईलाही पुढच्या यादीत स्वतःचं नाव मिळायला हवं, ही मागणी इथल्या लोकप्रतिनिधींनी उचलून धरावी.

आरजे व्हायचंय म्हणणारी मुलं मला वाशीच्या वाचनालयात, महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत भेटतात. ‘माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात,’ हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. मी त्यांना विचारतो, तुझे कान कसे आहेत? तुझ्या इमारतीच्या वॉचमनचं गाव कुठलं? एपीएमसीत कांद्याच्या गाड्या किती वाजता लागतात? तू राहतेस त्या सेक्टरच्या जागी आधी मिठागर होतं की भातशेती? ही उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याला मिनिटभर पुरतं. ज्याच्याकडे नाहीत तो तासभर बोलला तरी त्यातलं काही मागे राहत नाही. घसा सांभाळ, उच्चार घासून घे, कन्सोल शिकून घे, हे सगळं खरंच. पण आधी तुझं शहर पाठ कर. आणि जिथे कामाला लागशील तिथे करारात निरोपाची एक लिंक मागून घे.

नवी मुंबईचा स्वतःचा आरजे सकाळी पहिलं वाक्य काय बोलेल, याचा मी अनेकदा विचार करतो. हे शहर खाडीच्या काठी, मोठ्या भरतीच्या पाण्याहून सखल जागेत भराव घालून वसवलेलं आहे. पावसाचं पाणी धारण तलावांत अडवून ठेवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं, अशी त्याची रचना आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली, की तुर्भ्याचा ट्रकचालक, बेलापूरचा कारकून आणि शाळेची बस, सगळ्यांचा दिवस बदलतो. दिवाळ्याच्या कोळ्याचा तर रोजचाच दिवस त्यावर ठरतो. सेक्टरातल्या माणसाचं आणि गावठाणातल्या माणसाचं इतकं सामाईक असं दुसरं काही या शहरात नाही. म्हणून त्या आरजेनं गाण्याआधी, जाहिरातीआधी, शुभ सकाळच्याही आधी एवढंच सांगावं, की आज भरती किती वाजता आहे. मग वाशीच्या पुलावर अडकलेला माणूस खालच्या पाण्याकडे बघेल, आणि हा आवाज आपल्याशी बोलतोय हे त्याला कळेल.